गाईच्या श्वासाची मोजदाद

पितळेची एक छोटी नळी. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूला टेफ्लॉनचा पातळ पडदा आणि तो जागेवर धरून ठेवणारी सच्छिद्र पोलादी चकती. नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गार केली की तिच्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू गोठवून भरता येतो. मग टोपण घट्ट बसवायचं आणि नळी ३९ अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवून द्यायची. आतला वायू पडद्यातून अगदी सावकाश झिरपत राहतो, दिवसाला काही मिलिग्रॅम. ठरावीक दिवसांनी नळी काट्यावर ठेवायची, वजन लिहायचं, परत उबेत ठेवायची. असं कित्येक आठवडे. वजन दर दिवशी सारख्याच मापाने उतरतंय अशी खात्री पटली, की नळी गाईच्या पोटात सोडायची.

गाईच्या ढेकरातला मिथेन मोजण्याची जी पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली, तिची ही सुरुवात. तिच्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक दुरुस्त्यांच्या अंगाने. माझं म्हणणं असं, की ही पद्धत आधी रसिकतेने वाचायला हवी. तिच्या कर्त्यांनी काय निवडलं, काय टाळलं आणि कुठे गाईला मोकळं सोडलं, हे पाहायला हवं. ३९ अंश हा आकडाच पाहा. ती गाईच्या पोटातली ऊब. म्हणजे गाईच्या जवळही न जाता, काट्यावरच्या त्या आठवड्यांत प्रयोग तिच्या पोटात शिरलेला असतो.

त्याआधी मोजणीचा खात्रीचा मार्ग होता श्वसनकक्षाचा. काचेची किंवा पत्र्याची बंद खोली, आत एकटी गाय, एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि दोन्हींतल्या वायूंचा हिशेब. अचूकतेत आजही तोच पहिला. पण जनावर कळपातलं. खोलीत एकटं कोंडलं की ते बावरतं, खाणं कमी करतं. म्हणून आधी त्याला दिवसेंदिवस सवय लावावी लागते. रानात चरणारी, बांधावरचं गवत ओरबाडणारी, शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालणारी गाय त्या खोलीत मोजताच येत नाही. आकडा बरोबर येतो, पण तो त्या खोलीतल्या गाईचा असतो. जॉन्सन आणि मंडळींनी खोली काढून टाकली. त्यांच्या सगळ्या रचनेचा जीव मला या एका निर्णयात दिसतो.

आणि म्हणूनच ती वाचताना मला आष्टी आठवते. बीडची नव्हे, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. काळ्या कसदार जमिनीचा, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी पिकवणारा हा मुलूख. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या याच दक्षिण अंगाने परभणीकडे जातो, त्यामुळे आसपास ऊसही दिसतो. इथल्या गव्हाणीत वर्षभर एकच वैरण कधी नसते. उन्हाळ्यात कडबा, तोही गंजीतला तळचा, काळपट पडलेला. सोयाबीनची रास झाली की त्याचं भुसकट. तुरीचं भुसकट. उसाची तोड सुरू झाली की वाढं. पावसाळ्यात बांधावरचं हिरवं. दूध देणाऱ्या जनावराला सरकी किंवा सरकी पेंड, इतरांना जे उरेल ते. दुष्काळाच्या सालात तर छावणीत मिळेल ते. असा गोठा बंगळुरूच्या किंवा कर्नालच्या संशोधन संस्थेतल्या श्वसनकक्षात नेता येत नाही. मोजायचाच असेल तर मोजणीने आष्टीला यायला हवं, आणि ही पद्धत येऊ शकते.

पण मोजायचं काय, ते आधी पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराचं सगळ्यांत मोठं पोट म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईत ते शंभर लिटरांहून अधिक धरतं. आत प्राणवायू नाही, ऊब कायमची, आणि सूक्ष्मजीवांची अफाट वस्ती. कडबा माणसाला पचत नाही. खरं तर गाईलाही पचत नाही. तो पचवतात हे सूक्ष्मजीव, आणि त्यातून निघणाऱ्या ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्लांवर गाय जगते. या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो. तो साचत गेला तर सगळं काम मंदावेल. तिथे आर्किया नावाचे प्राचीन सूक्ष्मजीव पुढे येतात. ते हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेतात, आणि मिथेनचा एक रेणू व पाण्याचे दोन करतात. पोटातला अडथळा दूर होतो, गाय पुढचा घास पचवते, मिथेन हवेत जातो.

हा वायू बाहेर पडलाच पाहिजे, हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोवळा लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्ला की पोटात फेस होतो, वायू अडतो, डावी कूस ताणून वर येते. मग तेल पाजायची धावपळ, डॉक्टरला फोन, आणि तो येईपर्यंत जनावराचा श्वास कसा चाललाय याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष. ‘गाईचे ढेकर थांबवा’ अशी मागणी करणाऱ्यांनी पोटफुगीचं जनावर एकदा पाहावं. ढेकर थांबवायचा नसतो. हायड्रोजनला दुसरी वाट काढून द्यायची असते. प्रश्नाची ही मांडणी पक्की ठेवली नाही तर पुढचं सगळं वाचन चुकतं.

संध्याकाळी धार काढून झाल्यावर गाय बसते तेव्हा तिच्या मानेकडे जवळून पाहावं. गिळलेला घास पोटातून वर येताना गळ्याच्या डाव्या बाजूला एक लाट खालून वर सरकते. मग जबडा आडवा चालू लागतो, एकाच बाजूने, डोळे अर्धे मिटलेले. पन्नासेक वेळा चावून झालं की क्षणभर थांबणं, आणि लाट वरून खाली. पुन्हा नवी लाट. या दोन लाटांच्या मधे केव्हातरी ढेकर येऊन जातो, साधारण मिनिटाला एखादा, आणि तो ऐकूच येत नाही. याचं कारण फार सुंदर आहे. वर आलेला वायू बराचसा आधी श्वासनलिकेत, फुफ्फुसांत जातो आणि मग उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. मिथेन शेपटीकडून निघतो अशी समजूत शहरात फार आहे. पण मोठ्या आतड्यात जो थोडाफार तयार होतो, त्याचाही बहुतेक भाग रक्तात शोषला जाऊन फुफ्फुसांवाटेच येतो. म्हणजे मोजायचा आहे तो गाईचा श्वास. आणि श्वास तर वाऱ्याबरोबर कुठेही जाणारा.

इथे ती पितळी नळी कामाला येते. समजा, जत्रेतून तासाला किती माणसं बाहेर पडतात हे शोधायचंय आणि मोजणारा एकटा आहे. त्याने एक करावं: जत्रेत लाल फेटेवाले गडी सोडावेत, तासाला बरोबर दहा बाहेर पडतील अशा बेताने, आणि ते गर्दीत पुरते मिसळू द्यावेत. मग वेशीवर उभं राहून बाहेर पडणाऱ्यांचा एखादा घोळका पाहावा. एका लाल फेट्यामागे साधी माणसं तीस दिसली, तर तासाला तीनशे माणसं बाहेर पडतायत. सगळी जत्रा मोजायची गरज उरली नाही. घोळका लहान असो की मोठा, प्रमाण तेच राहतं. नळीतून झिरपणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड म्हणजे हे लाल फेटेवाले. त्याचा दर आपल्याला काट्यावर आधीच कळलेला आहे. तो कोठीपोटातल्या मिथेनमध्ये मिसळतो आणि त्याच्याच वाटेने बाहेर येतो. नाकाजवळच्या हवेत दोघांचं प्रमाण काढायचं, त्याला नळीच्या दराने गुणायचं, दोन्ही रेणूंच्या वजनांतला फरक हिशेबात धरायचा. मिथेनचा दर हातात येतो.

आता प्रयोगाची बाहेरची बाजू. गाईला नेहमीसारखीच म्होरकी असते. तिच्या नाकावरच्या पट्ट्याला केसासारखी बारीक नलिका जोडलेली, आणि ती गळ्यात अडकवलेल्या पोकळ भांड्याला जाऊन मिळते. भांड्यातली हवा आधी काढून घेतलेली असते. त्यामुळे ते गाईच्या श्वासातली हवा स्वतःच ओढून घेतं, कुठलाही पंप नाही, वीज नाही. नलिका इतकी बारीक निवडतात की चोवीस तासांत भांडं साधारण अर्धंच भरावं. पूर्ण भरू दिलं तर शेवटी ओढ मंदावते आणि रात्रीची हवा दिवसाच्या हवेपेक्षा कमी येते. अर्ध्यावर थांबलं की चोवीस तासांतल्या प्रत्येक तासाला सारखाच वाटा मिळतो. भारनियमनाच्या गावातही हे यंत्र बंद पडणार नाही, कारण त्यात बंद पडण्यासारखं काहीच नाही. मला या भांड्याचं कौतुक नळीहूनही जास्त वाटतं. एक दिवसाचा श्वास एका गळ्यातल्या भांड्यात, आणि गाय मात्र आपल्या दावणीला, आपल्या वैरणीवर.

आणि रचनेतली सगळ्यांत देखणी जागा भागाकाराची. गाईने मान वळवली, वारा सुटला, ती पाण्याच्या हौदावर गेली, तर भांड्यात श्वास कमी जाईल. जाऊ दे. मिथेन जितका कमी येईल त्याच प्रमाणात तो दुसरा वायूही कमी येईल. एकाला दुसऱ्याने भागलं की वारा, अंतर, मानेचं हलणं हे सगळं उडून जातं. जे आवरता येत नाही ते आवरायच्या नादाला न लागता, उत्तरातून ते आपोआप गळून पडेल अशी मांडणी करायची. असं गणित गोठ्याला साजतं.

वायूची निवडही विचार करून केलेली. सल्फर हेक्झाफ्लोराइड कशाशीही चटकन संयोग पावत नाही, विषारी नाही, कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्याला हात लावत नाहीत, आणि हवेत तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे लवमात्र मिसळला तरी यंत्राला ओळखू येतो. विजेच्या मोठ्या उपकेंद्रांमधल्या ब्रेकरमध्ये तो वापरतात. त्याच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: तो स्वतःच अतिशय प्रखर हरितगृह वायू आहे, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० पटींहून अधिक. पण प्रमाण पाहा. दिवसाला २ मिलिग्रॅम झिरपला तर तो ४७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. त्याच दिवशी गाय सोडते तो मिथेन त्याच मापाने चार किलोंच्या घरात जातो.

दोष आहेत, आणि रसग्रहणात ते झाकू नयेत. गुदद्वारावाटे जाणारा थोडका मिथेन या मोजणीत येत नाही. एकाच गाईचा आकडा आज एक, उद्या वेगळा, म्हणून सलग चार-पाच दिवस मोजून सरासरी काढावी लागते. वर्षभरात नळीचा झिरपण्याचा दर मंदावू शकतो आणि नळी तर पोटात, परत काट्यावर ठेवणार कशी? बंदिस्त गोठ्यात शेजारच्या म्हशीचा श्वासही नलिकेत शिरतो, म्हणून गोठ्यातल्या हवेचा वेगळा नमुना घेऊन तो वजा करावा लागतो. पुढे याच चमूतल्या पॅट्रिक झिमरमन यांनी ग्रीनफीड नावाचं यंत्र आणलं. जनावर खाद्याच्या लालचीने त्यात तोंड घालतं आणि तेवढ्या वेळेचा श्वास मोजला जातो. मोठ्या कुरणांवर आज त्याचा वापर फार. दोन-तीन जनावरांच्या आपल्या गोठ्याला ते परवडणारं नाही.

आता आकड्यांकडे. भारतातली दुभती गाय किंवा म्हैस दिवसाला सरासरी २०० लिटर मिथेन सोडते, असं आपल्याकडचे पशुपोषणतज्ज्ञ सांगतात. वजनात तो साधारण १४० ग्रॅम, वर्षाला पन्नास किलोंच्या आसपास. एवढ्या मिथेनमधली उष्णता स्वयंपाकाच्या चार गॅस सिलिंडरांइतकी भरते. ती वैरणीतूनच आलेली असते. गाईने खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी सहा-सात टक्के अशी हवेत जाते, निकृष्ट वैरणीवर त्याहून जास्त. आष्टीच्या शेतकऱ्याने कडबा विकत घेऊन घातला असेल, तर त्या पेंढ्यांतला हा हिस्सा दुधातही आला नाही आणि अंगावरही चढला नाही.

एका वयस्क मामांना मी हे सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, “ढेकरं कशाला मोजता? दूध मोजा ना.” त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं, पण विषयाचं मर्म त्यातच आहे. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे, दूध ९०० किलो. उत्तर अमेरिकेतल्या गाईचा मिथेन दुपटीहून अधिक, पण दूध ८,४०० किलो. गाईमागे पाहिलं तर आपली गाय गुणी. लिटरमागे पाहिलं तर आपल्याकडे ६४ ग्रॅमच्या आसपास, तिकडे १५. दोन्ही वाक्यं एकाच जंत्रीतून निघतात आणि दोन्ही खरी आहेत. ज्याला जे सोयीचं ते तो वाचतो.

मला मात्र दोन्ही वाक्यांआधी एक हरकत नोंदवायची आहे. ५८ हा आकडा आष्टीच्या गाईच्या नाकाशी नळी लावून आलेला नाही. तो उपखंडभराची सरासरी धरून काढलेला आहे. देवणीला तो लागू, लाल कंधारीला लागू, जर्सीच्या संकराला लागू, वाढ्यावरच्या आणि भुसकटावरच्या गाईला सारखाच लागू. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९.३ कोटी गाय-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. जनावरामागे वर्षाला एका किलोची चूक झाली तरी देशाच्या हिशेबात तीन लाख टनांचा फरक पडतो. २०२१ साली ग्लासगोत जागतिक मिथेन प्रतिज्ञा झाली तेव्हा भारताने तिच्यावर सही केली नाही. लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न पुढे केला. त्या भूमिकेशी मी सहमत आहे. पण ती धरायची तर आपल्या गोठ्यांचे आकडे आपणच मोजलेले हवेत, दुसऱ्याने धरलेले नकोत.

मोजणीला दारात नेण्याचं काम आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने केलं आहे. त्यांचा संतुलित आहार कार्यक्रम साधा आहे. घरात जी वैरण आहे ती लिहून घ्यायची, गाईचं वजन आणि दूध पाहायचं, आणि त्याच वैरणीत काय कमी, काय जादा ते सांगायचं. बहुतेक ठिकाणी खनिज मिश्रण कमी निघतं, कुठे पेंड जादा. आहार बसवून दिल्यावर सल्फर हेक्झाफ्लोराइडच्याच पद्धतीने मोजलं, तर लिटरमागचा मिथेन दहा टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला. कुठलंही महागडं औषध न घालता. युरोप-अमेरिकेत मंजूर झालेलं ३-एनओपी हे मिथेन आवरणारं रसायन किंवा लाल समुद्री शेवाळ यांची चर्चा आपल्याकडे फार होते. दुधाच्या आजच्या भावात ती रोजची पुडी आष्टीत कोण घालेल, हा प्रश्न मात्र चर्चेत येत नाही.

त्यापेक्षा मला चिंचोका जवळचा वाटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्थेने चिंचोक्याच्या टरफलातल्या टॅनिनवर काम केलं, आणि पुढे टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केलं. त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असं संस्था सांगते. टॅनिनमुळे कोठीपोटातल्या आदिजीवांची आणि मिथेन करणाऱ्या आर्कियांची वाढ आवरते. मराठवाड्यात बांधाबांधावर चिंच आहे. उन्हाळ्यात बाया चिंच फोडायला बसतात, चिंचोका वेगळा निघतो, त्याच्या गराची खळ होते, घोंगडीला लागते. टरफल उरतं. मात्र कुणी ते वाचून उद्याच पाटीभर टरफल आंबोणात घालू नये. टॅनिन जास्त झालं की गाईचं खाणं आणि प्रथिनांचं पचन दोन्ही घटतं. सरकीचंही तसंच. तिच्यातलं तेल मिथेन कमी करतं हे खरं, पण तेल वाढलं की कडब्याचं पचन बिघडतं. कापूसपट्ट्यातली म्हातारी माणसं सरकी ओंजळीने मोजून घालतात, ते उगाच नव्हे.

लिटरमागे मोजायचं म्हटलं की एक जनावर हिशेबाबाहेर पडतं, आणि माझी खरी अडचण तिथे आहे. बैल. त्याला त्याच मार्गदर्शिकेत वर्षाला २७ किलो मिथेन धरलेला. त्याला कशाने भागायचं? त्याने कुळवलेल्या एकरांनी? पाळी घातलेल्या कापसाने? ट्रॅक्टरचं न जळालेलं डिझेल त्याच्या खात्यावर जमा करायचं का? वर्षातले बरेच दिवस तो गोठ्यात बसून असतो, तेव्हाच्या मिथेनचं काय? दुधाच्या हिशेबात बैल नुसता खर्च दिसतो, आणि हिशेब तसाच राहिला तर उद्या कुणीतरी त्याला कमी करण्याचा सल्लाही आकड्यानिशी देईल. मोजणीची पद्धत कितीही देखणी असो, भाजक चुकला तर निकाल चुकतो.

भाजक ठरवायचा तरी आधी आष्टीतले आकडे हवेत. जालन्याला खरपुडीचं आणि बदनापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आष्टीहून परभणी दूर नाही. मला हवा तो प्रयोग लहान आहे. गावातल्या सहा गोठ्यांत सहा गाई, सहा बैल. मे महिन्यात कडब्यावर असताना पाच दिवस भांडं गळ्यात, पावसाळ्यात बांधाच्या हिरव्यावर पाच दिवस, रास झाल्यावर सोयाबीनच्या भुसकटावर पाच दिवस. रोज काय घातलं ते तोलून लिहायचं, दूध मापून लिहायचं, आणि बैलाचे आकडे दोनदा घ्यायचे: एकदा पेरणीच्या धांदलीत, एकदा तो बसून असताना.